टपालवाला हळू पळतो

फोनवर बोलताना माणसाने उगाच मोठेपणा करू नये, आणि पलीकडे सासू असेल तर मुळीच करू नये. जावईबापूंनी केला.

सासूबाई रडवेल्या आवाजात सांगत होत्या, की त्यांचा जुना कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं की नुसता हुंकार देतो आणि गप्प बसतो. जावईबापू त्या वेळी दाढी करत होते. एका गालावर फेस, एका गालावर फोन. "त्यात काय एवढं, आई? इकडे असता तर चुटकीसरशी करून दिला असता," असं म्हणाले आणि उरलेला गाल करायला घेतला. असली वाक्यं माणूस बोलतो आणि विसरतो. ऐकणाऱ्यानेही विसरायची असतात.

सासूबाई विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर मधोमध मॉनिटर, त्याला पट्टा बांधलेला. शेजारी सासूबाई, पट्टा न बांधलेल्या. मांडीवर कीबोर्ड, पायाशी कॉम्प्युटरचा लोखंडी डबा आणि पुढच्या सीटवर बॅग. बॅग चांगलीच मोठी होती. बायकोने आधी बॅगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काय बोललात तुम्ही आईला?"

"काही नाही गं. धीर दिला."

"धीर तीन कपाटं भरून घेऊन आलीय ती!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जावईबापू विम्याच्या ऑफिसात फायली लावायचे, आणि तिथे त्यांना सगळे इंजिनीअर म्हणायचे. का, तर एकदा प्रिंटर चालेना म्हणून अख्खं ऑफिस हातावर हात धरून बसलं होतं, तेव्हा जावईबापूंनी भिंतीवरचं बटण लावलं. लोक थट्टेने इंजिनीअर म्हणायला लागले. यांनी ते मनावर घेतलं. (नवऱ्यांना थट्टा कळत नाही. कौतुक मात्र केलं नाही तरी कळतं.)

चहा पिऊन झाल्यावर सासूबाईंनी आपलं म्हणणं मांडलं.

"जावईबापू, मला त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही नको. टपालवाला चालू करून द्या."

टपालवाला हा एक खेळ होता. फार जुना. एक टपालवाला खांद्याला पिशवी अडकवून गल्लीतून पळतो, घरोघरी पत्रं टाकतो आणि मागे कुत्री लागतात. कुत्र्याने धरलं की खेळ संपला. शेवटी यादी येते: सगळ्यांत जास्त पत्रं कोणी टाकली, पहिले पाच. त्या पाचही जागा एकाच बाईने बळकावल्या होत्या, सासूबाईंच्या थोरल्या जावेने. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला म्हणून ती महिनाभर यांच्याकडे राहिली, आणि एका डोळ्याला पट्टी बांधून उरलेल्या एका डोळ्याने यांचे वर्षानुवर्षांचे आकडे पुसून गेली. नाव टाइप करता येईना म्हणून तिने नुसता 'ए' दाबून धरला होता. पाच ओळी, पाची ओळींत ए ए ए ए ए.

"रोज सकाळी फोन करते मेली," सासूबाई म्हणाल्या. "आधी विचारते, तब्येत कशी आहे. मग विचारते, आमचा रेकॉर्ड कसा आहे. ते काही नाही. तिला पहिल्या नंबरावरून खाली ओढल्याशिवाय मी या घरातून हलणार नाही."

जावईबापूंच्या हातातला कप बशीवर वाजला. हे 'हलणार नाही' त्यांना नीट ऐकू आलं होतं. तोवर बॅग त्यांच्या बेडरूममध्ये गेलीही होती, आणि त्यांची उशी बाहेर आली होती.

त्यांनी तडक डबा सोडवला, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. डब्याने एक मोठा श्वास घेतला. मागच्या जाळीतून बारीक धूर निघाला, आणि मग फट्ट! घरातली वीज गेली. शेजारच्यांची गेली. लिफ्ट मधेच थांबली आणि आतून कोणीतरी ओरडायला लागलं.

"चुटकीसरशी म्हणाला होतात," सासूबाई अंधारलेल्या खोलीत म्हणाल्या. "चुटकी बरीच मोठी वाजली."

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडला आणि नाक मुरडलं. म्हणाला, आतलं सगळं भाजलंय, फक्त डिस्क शाबूत आहे. डिस्कमध्ये होतं ते मी पेनड्राइव्हवर काढून देतो. पण हे असलं जुनं नव्या लॅपटॉपवर असंच चालत नाही. लॅपटॉपच्या पोटात खोटा जुना कॉम्प्युटर उभा करावा लागतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. तो तुम्हाला सगळं विचारेल, प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी. जुन्या मशीनला होतं तेच भरा. जास्त हुशारी करू नका.

जावईबापू जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून घरी आले. शेवटचं वाक्य दुकानातच राहिलं.

रविवार होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला. एका बाजूला सासूबाई चष्मा पुसत, दुसऱ्या बाजूला बायको भाजी चिरत. खोटा कॉम्प्युटर विचारू लागला आणि जावईबापू देऊ लागले. आणि काय दिलदारपणे दिलं! खऱ्या दुकानात प्रत्येक वस्तूला दाम लागतो, इथे सगळं फुकट. मेमरी किती? सगळ्यांत जास्त. प्रोसेसर कुठला? सगळ्यांत शेवटचा. साऊंड कार्ड? चारही. फ्लॉपी ड्राइव्ह? दोन द्या, कमी कशाला. बायकोला साडी घेताना या माणसाने कधी इतका सढळ हात केला नव्हता, आणि हे तिने तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं.

"आता विचारतंय, सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती," जावईबापू घाम पुसत म्हणाले.

"सिलिंडर एकच आहे. तोही संपत आलाय."

"अगं, डिस्कचे! डिस्कच्या आत असतात."

"मग डिस्कला विचारा. मला काय विचारता?"

डिस्कला विचारायचं जावईबापूंना पटलं नाही. त्यांनी तिन्ही ठिकाणी अंदाजाने मोठमोठे आकडे टाकले. खोटा कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क सापडत नाही. त्यांनी आणखी मोठे टाकले. तो म्हणाला, अजिबात सापडत नाही. शेवटी बायकोने हात पुसले, दुरुस्तीवाल्याने परत दिलेली खरी डिस्क पिशवीतून काढली आणि उलटी केली. पाठीवर चिकटवलेल्या कागदावर तिन्ही आकडे ठळक छापलेले होते.

"हे काय आहे?"

"मी तेच बघणार होतो," जावईबापू म्हणाले.

आकडे भरले, डिस्क सापडली. मग मशीनने फर्मावलं, की फ्लॉपी घाला आणि कोणतंही बटण दाबा. फ्लॉपी कुठून घालणार? लॅपटॉपला तोंडच नव्हतं. जावईबापूंनी नुसतं बटण दाबलं. पुन्हा तेच वाक्य. दुसरं दाबलं. पुन्हा तेच. त्यांना वाटलं, यातलं एक बटण बरोबर असणार. म्हणून त्यांनी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक बटण दाबलं, मग जोड्याजोड्यांनी दाबलं. खरं एवढंच होतं, की हौसेने दिलेल्या रिकाम्या फ्लॉपी ड्राइव्हकडे मशीन आधी बघत होतं. हे त्यांना कळेपर्यंत भाजी शिजून झाली होती. दोन्ही ड्राइव्ह काढून टाकले आणि मशीन सरळ डिस्ककडे गेलं.

शेवटचा प्रश्न होता: डिस्कवर काही लिहू द्यायचं का? जावईबापूंच्या डोळ्यांपुढे धूर आला, लिफ्टमधली आरोळी कानात आली. आईंची जन्माची पुंजी आहे, तिला कशाला कोणी हात लावा? त्यांनी छातीवर हात ठेवून 'नाही' दाबलं. त्या दिवसभरात विचार करून केलेलं हे एकच काम. सगळा घोटाळा त्यानेच झाला.

खेळ चालू झाला. चारही साऊंड कार्डं एकदम भुंकली. सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"झाला का चालू?"

"झाला."

"टपालवाला कुठाय?"

"गेला."

"कुठे गेला?"

"म्हणजे संपला, आई. कुत्र्याने धरला."

पुन्हा चालू केलं. पडद्यावर काहीतरी लकाकलं आणि संपलं. मशीन इतकं तगडं झालं होतं, की टपालवाला दिसायच्या आत त्याचा निकाल लागत होता. सासूबाईंनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "जावईबापू, हे टपाल आहे की तार?"

तेव्हा मग सेटिंगमध्ये ती पट्टी सापडली. वेगाची. उजवीकडे सरकवली की जोरात, डावीकडे सरकवली की हळू. जावईबापूंनी ती हळूहळू मागे आणली, साऊंड कार्डं एकावर आणली, आणि टपालवाला अगदी पूर्वीसारखा दुडक्या चालीने पळायला लागला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाच्या पाठीवर थाप पडली. त्या रात्री हॉलमधल्या सोफ्यावर जावईबापू समाधानाने झोपले. म्हणाले, आता दोन दिवसांचा प्रश्न आहे.

आठवडा गेला. सासूबाई सकाळी खेळत, दुपारी खेळत, आणि संध्याकाळी कुत्र्यांना शिव्या देत. पण जावेच्या खालच्या आकड्याच्याही जवळ पोचेनात. घरात टीव्ही बंद, कारण त्यांचं लक्ष उडतं. पंखा हळू, कारण केस डोळ्यांवर येतात. जावईबापूंनी शिंकायचं गॅलरीत जाऊन. त्यांची खुर्ची गेली होती, खोली गेली होती, पाठ सोफ्याच्या आकाराची झाली होती. आणि सकाळी थोरल्या जावेचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या काकूंचा, फोन यायचाच: तब्येत कशी आहे, आणि आमचा रेकॉर्ड?

एका सकाळी दात घासता घासता जावईबापूंना ती पट्टी आठवली. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्यांनी पट्टी केसभर डावीकडे सरकवली. केसभरच.

त्या दिवशी सासूबाईंनी नेहमीपेक्षा जास्त पत्रं टाकली. "हात बसायला लागला बघ!" लेकीला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. मग जावईबापूंची भीड चेपली आणि केसाचा दोर झाला. टपालवाला एक पाय उचली, आणि तो खाली येईपर्यंत सासूबाईंचा चहाचा घोट घेऊन होई. कुत्री तर अशी यायची, जणू डॉक्टरांनी सकाळचं फिरायला सांगितलंय.

"अगं, हे कुत्रं म्हशीसारखं का हंबरतंय?" सासूबाईंनी एकदा विचारलंच.

"घसा बसला असेल, आई," जावईबापू वर्तमानपत्राआडून म्हणाले. "जुनं आहे ना."

बायकोने स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "काय चाललंय तुमचं?"

"कुठे काय?"

"तो टपालवाला हवेत लोंबकळतोय मघापासून."

जावईबापूंनी खरं सांगितलं. बायकोने कमरेवर हात ठेवले. एकीकडे आई, एकीकडे सोफ्यावर झोपून वाकडा झालेला नवरा. "तिला कळलं ना," ती शेवटी म्हणाली, "तर मी तुम्हाला ओळखत नाही." म्हणजे चालू ठेवा.

आणि एका दुपारी घरात किंकाळी झाली. सासूबाई खुर्चीतून उठून उभ्या होत्या. पहिला नंबर! ए ए ए ए ए खाली, आणि वर त्यांचं स्वतःचं नाव, एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं. जावईबापू ऑफिसातून धावत घरी आले. (साहेबांना सांगितलं, घरी आनंदाची बातमी आहे. साहेबांनी भलताच अर्थ काढून अभिनंदन केलं.) सासूबाईंनी बॅग भरली. भरता भरता जावेला फोन लावला.

"या उद्या. आपल्या डोळ्यांनी बघा. बघून झालं की तुमच्याच गाडीतून मी घरी जाते."

जावईबापूंनी त्या आनंदात लॅपटॉप प्रेमाने बंद केला, वर रुमाल झाकला. म्हणाले, बिचारा दमला असेल.

सकाळी थोरल्या काकू आल्या. उंच, ताठ, दोन्ही डोळे टक्क उघडे. खालून गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सासूबाई बाहेर जायची साडी नेसून तयार, बॅग दारात. जावईबापूंनी रुमाल असा काढला, की जणू कोनशिलेचं अनावरण आहे. खेळ लावला, यादी उघडली.

ए ए ए ए ए. ए ए ए ए ए. पाचच्या पाच.

"वा," थोरल्या काकू म्हणाल्या. "माझंच नाव दाखवायला बोलावलंस होय? किती गं माया तुझी."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावईबापूंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांना मशीनचा तो शेवटचा प्रश्न आठवला. डिस्कवर लिहू द्यायचं का? नाही. यांनीच सांगितलं होतं! मशीन रोज संध्याकाळी सगळं विसरून झोपत होतं. इतके दिवस आईंचं नाव यादीत लागलंच नव्हतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

"एक मिनिट, एक मिनिट," म्हणत त्यांनी घाईघाईने सेटिंग उघडलं आणि 'नाही'चं 'हो' केलं. "आता लिहील, आई. आता जन्मभर लिहील! तुम्ही फक्त कालच्यासारखं एकदा खेळा."

सासूबाई बसल्या. पण मागे जाऊ उभी असली की कोणाचंही लक्ष पडद्यावर राहत नाही. कुत्रं अगदी डुलत डुलत आलं, तरी त्या त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. संपला खेळ.

"सरक जरा, धाकटे," थोरल्या काकू म्हणाल्या. "मी बघते."

जावईबापूंनी तोंड उघडलं. बायकोने पायावर पाय दिला. पट्टी डावीकडे सरकवून ठेवलीय हे काकूंपुढे सांगणार कसं? आणि काकू बसल्या. ज्या बाईने खऱ्या वेगात, एका डोळ्याने पाच रेकॉर्ड केले, तिला दोन डोळे आणि हा रांगता टपालवाला मिळाला! खाली गाडीवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि निघून गेला. काकू खेळतच होत्या. मधे त्यांनी चहा मागवला, प्यायल्या, फोनवर कोणाशी तरी बोलल्या. शेवटी, मला वाटतं आता पुरे, असं म्हणून त्यांनी टपालवाल्याला आपणहून कुत्र्याच्या हवाली केलं. जो आकडा आला, तो यादीच्या चौकटीत मावेना. मशीनने तो लिहून घेतला. या वेळी पक्का.

मग सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, आता ती पट्टी होती तिथे न्या."

"कुठली पट्टी, आई?"

"कुत्रं म्हशीसारखं हंबरतं, टपालवाला हवेत बसून राहतो, आणि मला कळत नाही? ऑपरेशन त्यांच्या डोळ्याचं झालं, माझ्या नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" बायको किंचाळली.

"पहिल्या दिवसापासून. म्हटलं, जावई आपल्यासाठी कधी नव्हे ते काहीतरी करतोय. करू दे."

थोरल्या काकू उठून उभ्या राहिल्या. "थांबा. म्हणजे मी आत्ता जिंकले ते खोटं? उद्या लोक म्हणतील, हिला जावयाने जिंकवलं! मला असला भिकेचा रेकॉर्ड नको. पुसा तो."

पुसता येईना. खरी डिस्क डब्याबरोबर भंगारात गेली होती. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर परत नेलेल्या पेनड्राइव्हवर त्याने कधीच गाणी भरली होती.

"मग खऱ्या वेगात खेळून तो मोडायला हवा," काकू म्हणाल्या. "मीच मोडते. मी राहते इथे."

"मी आधी मोडणार," सासूबाई म्हणाल्या आणि बॅग आत न्यायला लागल्या.

जावईबापूंना घाम फुटला. तो आकडा खऱ्या वेगात सात जन्म मोडणार नव्हता. त्यांनी दोन्ही हात पसरून बॅगेची वाट अडवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक सरळ युक्ती सुचली होती.

"ऐका! तुमच्यापैकी कोणी वर आलं तर दुसरीला वाईट वाटणार. त्यापेक्षा मी खेळतो. सगळ्यांत हळू वेगात. माझं नाव एकदा वर गेलं, की तुम्ही दोघी हरलातही नाही आणि जिंकलातही नाही. भांडण मिटलं. दोघींनी आनंदाने आपापल्या घरी जायचं."

जावाजावांनी एकमेकींकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी पाहिलं असावं. "कबूल," दोघी म्हणाल्या.

जावईबापूंनी पट्टी पार डाव्या टोकाला नेली. त्याच्या पलीकडे फक्त बंद होतं. टपालवाला उभा राहिला. लांब कोपऱ्यात एकच कुत्रं होतं, त्याने एक पंजा उचलला. तिघी बायका मागे उभ्या.

"पळा," सासूबाई म्हणाल्या.

"पळतोय."

"कुठे पळताय? उभे आहात."

"बटण दाबलंय, आई. येईल आता."

"ते पळायचं बटण नाही हो! त्याने पिशवी खाली ठेवतो तो."

टपालवाल्याने सावकाश, फारच सावकाश, पिशवी खाली ठेवली. कुत्र्याचा पंजा जमिनीला टेकला. दुसरा उचलला गेला. जावईबापूंचं डोकं फिरलं आणि त्यांनी हाताला येतील ती सगळी बटणं एकदम दाबली. टपालवाला डावीकडे वळला. मग उजवीकडे वळला. मग पिशवी तिथेच टाकून, मान खाली घालून, थेट कुत्र्याच्या दिशेने चालू लागला. कुत्र्याला धावावंसुद्धा लागलं नाही. ते थांबून राहिलं.

शून्य. त्याखाली मशीनने आपण होऊन लिहिलं, की हा आकडा यादीत घेता येत नाही.

सासूबाईंनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून इतक्या मायेने कधी ठेवला नव्हता.

"असू दे, जावईबापू. उद्यापासून शिकवू तुम्हाला. सकाळी मी, दुपारी जाऊबाई. तुमचं नाव वर गेल्याशिवाय आम्ही दोघी इथून हलत नाही."

बायको आणखी एक गादी काढायला गेली. थोरल्या काकू मात्र अजून वाकून, दोन्ही डोळ्यांनी, पडद्यावरच्या त्या शून्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "या मशीनमध्ये सगळं कमी-जास्त करता येतं म्हणता ना? मग सुरुवातीचे काही दिवस तुमच्यापुरतं कुत्रं काढून टाकता येतं का, तेवढं बघा."